कोरडी पाकळी

आमच्या खेळात मी पुजारी आहे. हे माझ्या गुणांवरून ठरले नाही, घराण्यावरून ठरले. पहिल्या रविवारी टेबलाभोवती बसून कोण काय होणार याची वाटणी सुरू झाली, तेव्हा रेल्वेच्या सिग्नल खात्यातला माझा मित्र म्हणाला, "ह्याला काय विचारता? बाप भिक्षुक, आजा भिक्षुक. पंडितजी हाच." मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देतो. वडिलांच्या पंचपात्रात माझी पेने असतात. पण काशीतल्या मराठी माणसाला असल्या गोष्टी सांगून उपयोग नसतो. इथे तुम्ही काय करता यापेक्षा कुणाचे आहात हे आधी विचारतात.

खेळ दर रविवारी दुपारी मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत, ताईच्या भाड्याच्या खोलीत चालतो. ताई नागपूरची, बँकेत अधिकारी, बदलीवर इथे आलेली. खेळ ती चालवते. म्हणजे गोष्टीतले जग तिचे, त्यातले राजे तिचे, भुतेखेते तिची. आम्ही तिघे त्या जगातला एकेक माणूस होतो आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगतो. जमले की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. मित्र योद्धा आहे. पीएच.डी. करणारी एक मुलगी चोर आहे, आणि प्रत्यक्षात ती इतकी सज्जन आहे की चोरी करण्याआधी ताईची परवानगी मागते. जखमा पॉइंटांत मोजतात. पॉइंट संपले की माणूस पडला.

अशा खेळांत पुजाऱ्याला सगळे जग एकच काम देते, बरे करण्याचे. योद्धा विचार न करता दारातून आत घुसतो, मार खातो आणि ओरडतो, "पंडितजी, बरं करा!" मी फासा टाकतो, त्याला सात पॉइंट परत देतो आणि तो पुन्हा घुसतो. पहिले तीन महिने मी दैवी शक्ती लाभलेला कंपाउंडर होतो.

मग मी नियमांचे पुस्तक वाचले. ग्रंथालयातली माणसे पुस्तके परिशिष्टांपर्यंत वाचतात, हा आमचा व्यवसायजन्य रोग. तिथे पुजाऱ्याच्या मंत्रांची लांबलचक यादी होती आणि बरे करणे ही त्यातली जेमतेम दोनचार ओळींची गोष्ट होती. बाकी सगळे वेगळेच. उंबरा मंतरून त्यावरून शत्रूला येऊ न देणे. शपथ घालून माणसाला बांधणे. शाप. मेलेल्या माणसाला बोलते करणे. आणि हातात घेतलेले काम शुभ होईल की अशुभ, हे देवाला विचारणे.

ही यादी मला ओळखीची वाटली. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाला बरे केल्याचे मी पाहिले नाही. लोक त्यांच्याकडे बरे व्हायला येतच नसत. त्यासाठी डॉक्टर होते. ते मुहूर्ताला येत, शांतीला येत, पिंड द्यायला येत. आणि सर्वांत जास्त येत ते एवढे विचारायला, की आम्ही जे करायचे म्हणतोय ते करू का?

तेव्हा मी जाहीर केले की माझा पुजारी यापुढे मलमपट्टी करणार नाही.

"म्हणजे करणार काय?" मित्र म्हणाला. "घंटा वाजवणार?"

"वेळ आली तर वाजवीन."

"आणि मी मेलो तर?"

"तर तुझ्याशी बोलीन. तसा मंत्र आहे."

ताईने विचारले, तुझा देव कोणता? मी म्हणालो, उंबऱ्याचा. तो घरातही नसतो आणि बाहेरही नसतो, त्याला मूर्ती नाही, आणि तो कुणाचे भले करायला बांधलेला नाही. ताईने ते वहीत लिहून घेतले आणि म्हणाली, "बनारसला आल्यावर निदान एक तरी देव असा भेटला, ज्याच्यापुढं लाउडस्पीकर नाही."

पुढचे काही महिने मी मजेत होतो. डाकू एका उताराशी वाट अडवून बसले होते, तेव्हा मी त्यांना त्यांच्याच मेलेल्या सरदाराची शपथ घालून बाजूला केले. पडक्या देवळाचा उंबरा मंतरला आणि आम्ही आत झोपलो, बाहेर काहीतरी सकाळपर्यंत घुटमळत राहिले. एकदा पुलाखाली सापडलेल्या जकातदाराच्या प्रेताला मी बोलते केले. नियम असा की प्रेत जवळ हवे, त्याचे तोंड शाबूत हवे, तीन प्रश्न विचारता येतात, आणि मेलेला माणूस खोटे बोलू शकतो. मरणाने माणूस सुधारतो असे त्या पुस्तकाच्या लेखकाला वाटत नव्हते, हे मला आवडले. ताईने त्या जकातदाराचा आवाज काढला. मान खाली घालून, एका पट्टीत, शब्दाशब्दांत अंतर ठेवून. तेवढ्यात खालच्या गल्लीतून 'राम नाम सत्य है' गेले. ते दिवसातून दोनचारदा जाते. नागपूरहून नवी आली तेव्हा ताई दर वेळी खेळ थांबवायची, पुढे ती फक्त आवाज चढवायला शिकली. त्या दिवशी मात्र तिने आवाज चढवला नाही. मुलीने दुपट्टा खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, "काका, पुढच्या वेळेस जिवंत माणसालाच विचारा ना."

राहिला शुभ-अशुभाचा मंत्र. पुस्तकात त्यासाठी ताईने आपल्यासमोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड फासा टाकायचा होता. मी म्हणालो, माझा पुजारी फासा टाकत नाही, कौल लावतो.

ताईला कौल ठाऊक नव्हता. मित्राचे आणि माझे, दोन्ही घराणी मूळची कोकणातली. तिथून काशीला येताना देव, कर्ज आणि भांडणे यांच्याबरोबर हीही रीत आली. देवाच्या दगडाला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचे. उजवी आधी पडली तर कर, डावी पडली तर करू नकोस. टेबलावर नकाशा उडू नये म्हणून घाटावरून आणलेला एक गुळगुळीत काळा दगड ठेवलेला असे. तो मी उभा केला. ताईच्या सज्ज्यातल्या कुंडीतून तगरीच्या दोन पाकळ्या आणल्या. किल्ल्याच्या दाराशी उभे राहून आम्ही विचारले, आत जावे का? पाच-सहा मिनिटे चौघे श्वास रोखून दगडाकडे पाहत होतो. उजवी पडली. आत खजिना निघाला. त्यानंतर आमच्या पार्टीने माझ्या दगडाला विचारल्याशिवाय पाऊल टाकले नाही.

आता खरे सांगतो. कौल देव देत असेल, पण पाणी भटजी देतो. ज्या पाकळीला भरपूर पाणी लागते ती चिकटून बसते. जिला नुसते ओले बोट लागते ती लवकर वाळते आणि आधी पडते. वडिलांनी हे मला मी बारातेरा वर्षांचा असताना शिकवले, एखाद्याने मुलाला सायकल शिकवावी तितक्या सहज. "माणूस प्रश्न विचारतो तेव्हा नीट ऐकायचं," ते म्हणाले. "त्याच्या भल्याचं काय ते आपण ठरवायचं. मग ती पाकळी कोरडी ठेवायची." मी विचारले, ही लबाडी नाही का? ते म्हणाले, "लबाडी कसली? आपलं चुकलं तर देव दुसरी पाडेल की." मी भिक्षुकी घेतली नाही त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. आणि पंचवीस वर्षांनी एका खेळात मी तेच करत बसलो होतो. किल्ल्यात जायचे मला होते, म्हणून उजवी कोरडी. राजाचे काम नको होते, म्हणून डावी कोरडी. सहा महिने त्या पार्टीचे राज्य मी दोन पाकळ्यांवर चालवले. कधी चुकलो नाही.

मित्राची आई त्या उन्हाळ्यात आजारी पडली. हृदयाची झडप निकामी झाली होती. इथल्या डॉक्टरने सांगितले, दिल्लीला नेऊन ऑपरेशन करा. वय पाहता धोका आहे, पण जमले तर काही वर्षे मिळतील. इथेच ठेवले तर पावसाळा निघेल, हिवाळ्याचे मी सांगत नाही. घरात आई आणि मुलगा दोघेच. ऐकणाऱ्याला वाटेल, यात ठरवायचे काय? पण ती बाई पन्नास वर्षे काशीत राहिली होती. साऱ्या देशातून माणसे मरायला जिथे येतात, तिथून तिला मरणाच्या तोंडावर बाहेर न्यायचे होते. ती ऑपरेशनच्या टेबलावरच गेली तर आयुष्यभराची मुक्ती तिकिटासकट वाया. मित्र सिग्नल खात्यातला. लाल की हिरवा एवढे कळले की त्याला पुरते. ह्या वेळी त्याला दोन्ही दिवे एकदम दिसत होते. तीन आठवडे तो आरक्षण करत होता आणि रद्द करत होता.

जेठातल्या एका रविवारी तो टेबलाशी बसला तो काही खायला न घेता. बाहेर लू, इथला तो भाजून काढणारा वारा, वाहत होती. गंगा आटून पलीकडची वाळू निम्म्या पात्रापर्यंत आली होती. कूलर घरघरत होता. ताईने गोष्ट सुरू केली: समोर नदी आहे, नाव आहे, नावाडी दिसत नाही.

"माझ्या योद्ध्याची आई आहे," मित्र मध्येच म्हणाला.

"कधीपासून?" ताई हसून म्हणाली.

"आजपासून. म्हातारी आहे. बीमार आहे. नदीपलीकडं वैद्य आहे. ती ह्या काठावर मेली तर स्वर्ग पक्का. पलीकडं मेली तर काही नाही. नेऊ का नको?" तो माझ्याकडे वळला. "पंडितजी, कौल लावा."

कुणी हसले नाही. मुलगी आपल्या कागदावर उगीच काहीतरी खोडत बसली. हा प्रश्न योद्ध्याचा नाही हे खोलीतल्या सगळ्यांना कळले होते आणि कळले नाही असे दाखवणे हाच त्यातल्या त्यात सभ्यपणा होता. मी त्याच वेळी म्हणायला हवे होते, की हे खेळाबाहेर विचार, डॉक्टरला विचार. पण सहा महिने सत्ता चालवलेला माणूस असे म्हणत नाही.

माझे मत पक्के होते: न्यावे. ते मत तिच्या हृदयाबद्दल नव्हते, काशीबद्दल होते, हे मला नंतर कळले. मरणाच्या ह्या धंद्याने आमच्या घराला तीन पिढ्या जेवू घातले. निदान एक माणूस त्याच्या हातातून सुटावा, एवढेच मला हवे होते. मी उजव्या पाकळीला नुसते ओले बोट लावले. डावीला थेंबभर पाणी दिले, दाबून बसवली.

आम्ही बसलो. मिनिटे गेली. उजवी पाकळी टोकाशी सुटली, थरथरली, आणि तशीच राहिली. डावी एकदम पडली. आवाज झाला नसणारच, पण मला तो ऐकू आला असे आजही वाटते. ती नकाशावर, ताईने निळ्या पेनाने काढलेल्या नदीत पडली होती.

मित्राने ती उचलून शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाला, "ठीक आहे. नाही नेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडे गाठले आणि सगळे सांगितले. वडिलांनी कुणालाही सांगू नकोस म्हटले होते, तेही सांगितले. पाणी, ओले बोट, कोरडी पाकळी, किल्ला, राजा. तो मातीचा कुल्हड हातात धरून शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे तुला उजवी पाडायची होती."

"हो."

"आणि तू बरोबर केलं होतंस? वडिलांसारखं?"

"तसंच केलं होतं. अरे, कूलर डाव्या बाजूला होता. त्या वाऱ्यानं ती..."

"आजवर कधी चुकलं?"

"नाही, पण..."

"मग बस ना यार." त्याच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदाच शांतता होती. "माणसानं बेइमानी केली, तरी देवानं आपलंच खरं केलं. ह्याहून पक्का कौल कुठं असतो? तू हे सांगितलं नसतंस तर मला थोडा तरी शक राहिला असता."

माझ्यासमोर त्याने मोबाइल काढला आणि दिल्लीचे आरक्षण रद्द केले. मग चहा संपवला आणि कुल्हड फोडला.

लबाडी कबूल केली की लोकांचा विश्वास उडतो, असे मी बऱ्याच पुस्तकांत वाचले आहे. ती पुस्तके बहुधा दुसऱ्या कुठल्या शहरात लिहिली गेली असावीत.

चार दिवसांनी मित्राच्या आईचा फोन आला. "तो ड्यूटीवर आहे. येऊन जा."

त्यांचे घर शिंदे घाटाच्या वर. काकू खिडकीशी उशांना टेकून बसल्या होत्या, पाय सुजलेले, दर चार शब्दांनी थांबत होत्या.

"बस. खुर्ची ओढ. तुझ्या वडिलांनी मला तीनदा कौल लावून दिला, माहीत आहे?"

"नाही, काकू."

"पहिल्यांदा, ह्यांना काशी सोडून परत रत्नागिरीला जायचं होतं तेव्हा. डावा आला. यायचाच. तुझ्या बापानं उजव्या पाकळीला इतकं पाणी लावलं होतं की गणपती पोहला असता."

त्या हसल्या, मग हसण्याने दम लागला म्हणून थांबल्या.

"तुला काय वाटलं, तुमचं गुपित होतं? अरे, कौलाला बसल्यावर देवाकडं कोण बघतं? भटजींच्या बोटांकडं बघायचं. दहा घरं फिरणारा शहाणा माणूस, त्याला काय वाटतं ते कळायचं. आणि पुढं वाईट झालं तर त्याच्या नावानं बोटं मोडायला नकोत. दोष घ्यायला देव होताच."

"त्याला हे माहीत नाही," मी म्हणालो.

"पुरुषांना नसतंच. त्यानं मला सांगितलं, तू कबूल केलंस म्हणून. कोणती कोरडी ठेवलीस ते तोही बोलला, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"उजवी."

"म्हणजे जा."

"पण पडली डावी, काकू."

"पडू दे. मी देवाचं नाही विचारत. देवानं आता एवढ्या वर्षांनी माझ्या झडपेत कशाला लक्ष घालावं? तुझं विचारते."

"मी डॉक्टर नाही."

"तुझा बाप होता?"

खिडकीतून खालून धूर येत होता. मणिकर्णिका तिथून लांब नाही. त्या घरात वाळत घातलेल्या कपड्यांनाही तो वास असतो. मला परत एकदा संधी होती. मला माहीत नाही, असे तीन शब्द होते आणि ते खरेही होते.

"जा," मी म्हणालो.

"बरं."

"तिकडं काही झालं तर..."

"तर गाढवाचा जन्म मिळेल? तो पलीकडच्या काठावर मेलेल्यांना. दिल्लीत मेलेल्यांचं काय होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मंत्री होत असतील." त्यांनी डोळे मिटले. "त्याला हे बोलू नकोस. मी आले की मीच सांगेन."

त्यांनी हट्ट धरला. देवाने नको म्हटले असताना आई का अडून बसली हे मित्राला कळेना, पण आईपुढे त्याचे काही चालले नाही. पुढच्या आठवड्यात तो त्यांना घेऊन गेला. गाडी पुलावरून जाताना काकू डोळे मिटून होत्या, घाट त्यांनी पाहिले नाहीत, एवढे त्याने फोनवर सांगितले. ऑपरेशन नीट झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाकडे चहा मागितला. चौथ्या दिवशी पहाटे गेल्या.

अँब्युलन्सने त्याने त्यांना परत आणले. मणिकर्णिकेवर आम्ही सगळे होतो, ताईसुद्धा, लांब पायऱ्यांवर उभी. जळाल्या काशीतच, पण मेल्या बाहेर. यात फरक काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. भटजींनी तो मुद्दा शांतपणे टाळला, इतक्या सफाईने की मला वडील आठवले.

तो सुतकात होता तेव्हा एका दुपारी मी ताईच्या खोलीवर गेलो. तिच्याकडून किल्ली घेऊन ठेवली होती. ती बँकेत होती. दगड उभा केला. कूलर त्याच जागी होता, तोच सुरू केला. तगरीच्या पाकळ्या, उजवीला ओले बोट, डावीला थेंब. उजवी पडली. पुन्हा केले. उजवी पडली. कूलर मोठा केला, तोंड दगडाकडे वळवले. उजवी. सातव्यांदा मी थांबलो. यावरून काहीही सिद्ध होत नाही. तो दिवस वेगळा होता, हवा वेगळी होती, पाकळी वेगळी होती. ग्रंथालयातल्या माणसाला एवढे कळते. मी दगड धुतला, जागेवर आडवा ठेवला, खाली पडलेल्या पाकळ्या मोजून चौदा उचलल्या, आणि निघालो. ताईला सांगितले नाही.

दीड महिन्याने खेळ पुन्हा सुरू झाला. नदी चढली होती, खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. मित्राचे केस अजून पुरते उगवले नव्हते. ताईने जाणूनबुजून सोपी लढाई दिली, पण त्याला फासा साथ देईना. लढाई संपली तेव्हा त्याच्या योद्ध्याकडे चार पॉइंट उरले होते.

"पंडितजी," तो म्हणाला, "तुमच्याकडं तो मंत्र आहे ना? मेलेल्या माणसाशी बोलायचा?"

मी होकार दिला.

"माझ्या योद्ध्याची आई. नदीपलीकडं गेली."

"नको," ताई म्हणाली.

"ताई, नियमात बसतं का, एवढंच सांगा."

ताई पडद्याआड बराच वेळ पुस्तक चाळत राहिली. तिला तो नियम पाठ होता. "प्रेत लागतं," ती शेवटी म्हणाली. "तोंड लागतं बोलायला."

"मग राहिलं." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मला तीन प्रश्न नको होते. एकच होता. देव नको म्हणाला हे मी तिला सांगितलं होतं. तिचा तर माझ्याहून जास्त विश्वास. तरी ती का गेली?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. तिला काही माहीत नव्हते. माझा चेहराच तसा झाला असावा. काकू म्हणाल्या होत्या, मी आले की सांगेन. आता सांगणारे दुसरे कुणी नव्हते.

"तिनं मला बोलावलं होतं," मी म्हणालो. "मी कोणती कोरडी ठेवली होती ते माझ्या तोंडून ऐकायला. मी सांगितलं. मग तिनं माझं मत विचारलं. मी म्हणालो, जा."

"पाण्याचं तिला आधीपासून माहीत होतं?"

"पन्नास वर्षं. ती देवाकडं बघतच नव्हती, म्हणाली."

तो नकाशाकडे पाहत होता. निळ्या पेनाची नदी मध्यंतरी कशाने तरी ओली होऊन पसरली होती.

"म्हणजे देव म्हणाला नको. तू म्हणालास जा."

"हो."

"आणि ती तुझं ऐकून गेली."

"हो."

कूलरबद्दल बोलायची ही जागा होती. मी बोललो नाही. कूलरचे मला आता जरा जास्तच माहीत होते.

खाली पाण्याचा आवाज येत होता. मी फासा हातात घेतला. त्याच्याकडे चारच पॉइंट होते, आणि बरे करायचा मंत्र मी कित्येक महिने वापरलाच नव्हता. तो सगळाच्या सगळा शिल्लक होता. तो मागेल अशी मी वाट पाहिली.

"ताई," तो म्हणाला, "माझ्या थैलीत औषधाची एक बाटली आहे ना? गावातून घेतलेली."

"आहे."

"ती पितो."

ताईने मान डोलावली. त्याने स्वतःच फासा टाकला. दोन. त्याने चाराचे सहा केले.

खेळ अजून चालतो. कौल कुणी मागत नाही; दगड नकाशावर आडवा असतो. प्रत्येक गावात शिरलो की मित्र सगळ्यांत आधी वैद्याचे दुकान कुठे आहे ते विचारतो आणि बाटल्या घेऊन ठेवतो. माझ्याकडून बरे करून घेणे त्याने सोडले आहे. मागच्या रविवारी तो एका पॉइंटवर होता, बाटल्या संपलेल्या, आणि मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मी दारातून आत जातो," तो ताईला म्हणाला, आणि फासा उचलला.